सत्तावीस नंबरची बाटली

पाल्यातलं औषध मोजणाऱ्या नव्या मशीनमधून कागद बाहेर आला. तो घ्यायला साहेब स्वतः खुर्चीतून उठले. तीस वर्षं किराइताचा कडू पाला चावून काकांनी मालाचा नंबर, म्हणजे प्रत, सांगितली होती. साहेब त्यांच्यासाठी कधी उठले नव्हते.

आज मात्र काका या कागदाची वाट बघत होते. सकाळी सगळ्यांसमोर पाला चावून त्यांनी सत्तावीसच्या लॉटला एक नंबर दिला होता. दुपारी मशीनवाली पोरगी जेवणाचा डबा धुवायला गेली, तेव्हा त्याच लॉटच्या तपासणीच्या बाटलीतली अर्धी पूड त्यांनी पुडीत बांधून खिशात घातली, आणि तेवढंच वाळकं गवत बारीक कुटून बाटलीत भरलं. आता मशीन तोंडावर पडणार होतं. त्याच्याबरोबर ही कालची पोरगीही.

"औषधी द्रव्य एक टक्का," साहेबांनी वाचलं. "काका, एक नंबरला दोनच्या वर लागतं."

"मग विचारा तुमच्या मशीनला."

"मशीनचे काय दात पडलेत?" साहेब हसले. मग हसू आवरून म्हणाले, "वय झालं, काका. जीभ गेली तुमची. उद्यापासून चाखणं बंद."

असं उलटेल, हे काकांना सुचलंच नव्हतं.

"थांबा साहेब." मशीनवालीने खणातून वही काढली. प्रत्येक लॉटपुढे दोन रकाने होते. एकात मशीनचा आकडा, दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'काका'. "आल्या दिवसापासून लिहितेय. सव्वीस लॉट झाले, काका एकदाही चुकले नाहीत. मी मशीन त्यांच्यावरून तपासते. बिघडलं असेल तर तेच."

"मशीन बिघडलं तर तूही त्याच्याबरोबर परत जाशील. कळतंय ना?" साहेब म्हणाले.

"कळतंय."

तिने बाटलीच्या झाकणात थोडी पूड घेतली आणि काकांपुढे धरली. "काका, एकदा चाखा ना. तुम्ही सांगाल ते लिहिते."

काकांनी चिमूट जिभेवर ठेवली. गवत दाताखाली कचकचलं. समोर साहेब पूर्वीसारखे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. 'एक नंबर' एवढंच म्हणायचं होतं.

काकांनी खिशात हात घातला आणि पुडी टेबलावर ठेवली.

"हे मोज," ते म्हणाले. "बाटलीतलं अर्धं इथे आहे."

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

मशीनवालीने पुडी हातात घेतली. ती उलगडली, पण मशीनकडे नेली नाही. चिमूटभर पूड स्वतःच्या जिभेवर ठेवली. तिचं सगळं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं.

"एक नंबर," ती म्हणाली. वही ओढून 'काका'च्या रकान्यात तिने तेच लिहिलं. काकांकडे मात्र बघितलं नाही.