दवाखान्यातली भूक

उलट्या-जुलाबांमुळे दवाखान्यात ठेवलेल्या लोर्नाच्या मांजरीनं ताटली चाटूनपुसून लख्ख केली होती. “लोर्ना, तुझ्या हातचं खाऊन विटली गं ही,” प्राण्यांची डॉक्टर हसली, “आजार काहीच सापडत नाही.” मांजरीला आणि तिथल्याच खाण्याचे डबे घेऊन लोर्ना घरी आली, दुसऱ्याच दिवशी मांजरीला पुन्हा उलट्या-जुलाब सुरू झाले. खाणं तेच, औषध तेच. मग इथं वेगळं काय आहे? विचार करत तिनं वाटी नळाखाली भरून पुढे सरकवली. मांजरीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. नळाला पाणी आवारातल्या विहिरीचं होतं. टेकडीमागे जमिनीतला गॅस काढायला कंपनीनं खोलवर जमीन पोखरायला घेतल्यापासून नवरा रोज चिडवायचा, “कॉफीत खिळे उकळलेस का गं?” ती हसण्यावारी न्यायची. तेवढ्यात लेक बाळाला घेऊन स्वयंपाकघरात आली. “आई, हा पुन्हा ओकला बघ. दुधाची पावडर बदलून बघूया का?” म्हणत तिनं रिकामी बाटली नळाखाली धरली.