आठ अंगठ्या

जावा बेटावरच्या पुर्वोरेजो गावच्या बाजारात अंगठीच्या खड्यांचे भाव रोज चढत होते. एका हिरव्या खड्यासाठी कार्यो होतं नव्हतं ते भातशेत लिहून द्यायला निघाला, तेव्हा त्याची बायको वार्तिनी दुकानातच त्याला माशांची आठवण करून देऊ लागली. पूर्वी कपाळावर टेंगूळ असलेल्या शोभेच्या माशांचे भावही असेच चढले होते, आणि भाव कोसळल्यावर शेवटी कार्योनं घेतलेला महागडा मासा तिनं तळून वाढला होता.

“मासे मरतात, वहिनी,” खड्यावर बॅटरी मारत व्यापारी गिमान हसला. “दगड मेलेला पाहिलाय कधी? हे भाव पडायचे नाहीत.”

वार्तिनीनं नवऱ्याच्या बोटांतल्या आठही अंगठ्या काढल्या. “हे तुम्हीच विकलेले खडे. शेताऐवजी हे घ्या, अर्ध्या भावात.”



“खडे माझ्याकडे ढीगभर आहेत,” गिमान म्हणाला. “मला शेतच हवंय.”