एका वेळी एकच जण

‘दुसऱ्या मोबाईलवर लॉगिन झाल्यामुळे तुम्हाला बाहेर काढण्यात आले आहे.’

पडद्यावर ही पाटी पुन्हा आली आणि तनुजानं कपाळावर हात मारून घेतला. निकाल सापडला होता हो! आयकराच्या निकालांच्या त्या साइटवर ती सकाळपासून शब्द बदलून बदलून शोधत होती. कंपनी बंद, कामगार, भरपाई, पगार नव्हे. ढीगभर निकाल चाळल्यावर हायकोर्टाचा एक नेमका हाती लागला, आणि त्यातला कामाचा परिच्छेद उघडणार तोच साइटनं तिला हाकललं.

उस्मानपुऱ्यातलं हे वकिलांचं ऑफिस दोन खोल्यांचं. साइटची वर्गणी महाग, म्हणून सगळ्यांत मिळून एकच पासवर्ड, आणि एका वेळी एकच जण आत. दुसरा आला की पहिला बाहेर.

दाराशी बाकावर बन्सीभाऊ बसले होते. वाळूजची कंपनी बंद पडली तेव्हा त्यांना भरपाई मिळाली, आणि त्यातून त्यांनी बजाजनगरात दोन खोल्या घेतल्या. आता आयकर खातं म्हणत होतं, हा तर पगारच, कर भरा. त्यांच्या अपिलाची सुनावणी थोड्याच वेळात व्हिडिओवर होणार होती. हरलं की खोल्या विकायची पाळी.

“घावलं का, मॅडम?” त्यांनी मान वाकडी करून विचारलं.

“घावलंय भाऊ, पण हातात येईना.”

आतून राजेंद्र सरांचा आवाज आला. “कोण घुसतंय गं आपल्या पासवर्डवर? फुकटे कुठले! आजच्या आज बदलून टाक तो.”

तनुजानं पुन्हा लॉगिन केलं. पुन्हा पाटी. या वेळी मात्र तिनं पाटीखालची बारीक ओळ वाचली. तिथं मोबाईलचं नाव होतं, ‘कडुबा सर’.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी नवीन मोबाईल घेतला तेव्हा हे नाव तिनंच त्यात घालून दिलं होतं. कडुबा सर म्हणजे राजेंद्र सरांचे भागीदार. निकाल शोधायला तिला त्यांनीच शिकवलं, आणि श्रावणात ते वारले.

तिनं त्यांचाच नंबर लावला. उचलला मालनकाकूंनी, कडुबा सरांच्या बायकोनं.

“काकू, मी तनुजा. ती निकालांची साइट तुम्ही उघडलीय का?”

“व्हय. का गं, बिल येतं का त्याचं? आज तर सारखं हाकलून देतंय मला.”

“अहो, मीच हाकलतेय तुम्हाला. आणि तुम्ही मला.” तनुजाला हसू आलं. “पण काकू, त्यात तुम्ही शोधता काय?”



“त्यांचं नाव,” काकू म्हणाल्या. “नातीनं इंग्रजीत लिहून दिलंय कागदावर. बघून बघून एकेक अक्षर दाबते. मंग लई निकाल येतात बघ. मला काय त्यातलं कळत नाय. पण वरती लिहिलेलं असतं ना, कोणाच्या बाजूनं कोण वकील उभा राहिला ते? तिथं असतात ते.”

“हो काकू.”

“एवढा संसार झाला, नाव म्हणून तोंडानं घेतलं नाय कधी. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आता रोज दाबते.”

तनुजानं घड्याळाकडं पाहिलं. रडायला सवड नव्हती.

“काकू, थोडा वेळ मला द्याल? एका माणसाचं घर अडकलंय.”

“अगं मग आधी सांगायचं न्हाय का येडे! घे, घे. मला त्याच्यातनं बाहेर पडता येत नाय, मी मोबाईलच बंद करते.”

परिच्छेद मिळाला. सुनावणीत राजेंद्र सरांनी तो वाचला, न्यायाधिकरणाच्या सदस्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावला, आणि अखेर म्हणाले, अपील मंजूर. बन्सीभाऊंनी कॉम्प्युटरलाच हात जोडले.

“पण एवढं कोण लुडबुडत होतं?” ते गेल्यावर सरांनी विचारलं. “पासवर्ड बदललास का?”

तनुजानं सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले, मग चष्मा काढून पुसत बसले. “कामाच्या वेळेत असं चालत नसतं,” एवढंच बोलले आणि केबिनमध्ये गेले. बदल की बदलू नको, कशाचाच पत्ता नाही. तिला त्यांचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर स्वतःच कॉम्प्युटरवर बसले होते. कुठल्याशा निकालात पार बुडालेले. ओठ हलत होते, पेन्सिल कागदावर चालली होती. तनुजा शेजारी फाईल लावत उभी होती. तेवढ्यात पडद्यावर पाटी आली आणि निकाल गेला.

तनुजानं फाईल बाजूला ठेवली. आता भडकणार.

सरांचा हात सवयीनं पासवर्डच्या चौकटीकडं गेला. मग त्यांनी खालची बारीक ओळ वाचली. हात मागं घेतला. पेन्सिल खाली ठेवली आणि खुर्ची टेबलापासून थोडी लांब सरकवली.

“तनुजा, चहा सांग,” ते म्हणाले. “सावकाश आणला तरी चालेल. कडुबाला भेटायला वहिनी आल्यात.”