घर कुठल्या अंगाला?

“गावाचं नाव सांग, पण घर कुठल्या अंगाला ते सांगू नकोस,” असं वैष्णवीचे आबा लहानपणी तिला बजावायचे.

आज ऑस्ट्रेलियातल्या क्वेकर्स हिलच्या लायब्ररीत तिने म्हाताऱ्या केनला त्याचा इंग्लंडमधला खापरपणजा शोधून दिला. चर्चच्या जुन्या नोंदीत लिहिलं होतं: शेतमजूर, गावाच्या हद्दीबाहेर झोपडी.

“हद्दीबाहेर!” केन खूश झाला. “मेट, हे मी फ्रेम करून हॉलमध्ये लावणार! आणि तुमचं घर? गावात कुठे होतं?”

“देवळाजवळ ना गं?” शेजारच्या टेबलावरून रेखाताईंनीच परस्पर उत्तर दिलं. दहा वर्षं वैष्णवीने त्यांना तेच सांगितलेलं होतं.

वैष्णवीने स्क्रीनवरची ओळ पुन्हा एकदा वाचली.

“नाही, रेखाताई. आमचंही गावकुसाबाहेरच होतं.”