टाकीतला पाय

हॉलमधल्या काचेच्या टाकीत ऊर्वीच्या मांडीचं हाड वाढत होतं. अपघातात गेलेल्या हाडाच्या साच्यावर प्रवाळ छान चढलं होतं, पण गुडघ्याकडचं टोक अजून कोरंच होतं आणि खो-खोची निवडचाचणी तोंडावर आली होती.

“आई, ओत की भरपूर कॅल्शियम!”

“एकदम ओतलं की क्षारता कोसळते, प्रवाळ मरतं. खालच्या चौबळांचं कोपर विसरलीस?”

ऊर्वी विसरली नव्हती. घाई नडलेले चौबळकाका अजून डाव्या हातानंच जेवत होते.

तिनं चाकाची खुर्ची टाकीशी नेली, आईच्या हातातला ड्रॉपर घेतला आणि आधी क्षाराचे, मग कॅल्शियमचे थेंब सावकाश सोडले.

“यंदाची चाचणी गेली खड्ड्यात,” ती म्हणाली. “आजपासून माझा पाय मीच वाढवणार.”