कप्तानाचं नाक

"काढा," दिग्दर्शिका म्हणाली आणि तिने म्हाताऱ्या चित्रकाराच्या हातात पेन्सिल ठेवली. "कप्तानाचा चेहरा. कसा आहे तो, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

चित्रकाराचं धाबं दणाणलं. समोर कोरा कागद, भोवती तीसेक माणसं, आणि शेजारच्या खुर्चीत बायको. बायकोला सगळं माहीत होतं. तिने पदराने तोंडावरचं हसू पुसलं.

तरुणपणी त्याने एका साप्ताहिकात अकरा वर्षं अवकाशातल्या कप्तानाची चित्रकथा काढली होती. आता तिच्यावर सिनेमा होत होता आणि आज शेवटचा प्रसंग चित्रित व्हायचा होता. घोडं अडलं होतं ते हेल्मेटपाशी. चित्रकथेत कप्तानाने ते एकदाही काढलं नव्हतं. निर्माता म्हणत होता, एवढा नावाजलेला नट घेतलाय, शेवटी तरी त्याचं तोंड दिसू द्या. नटाचंही तेच म्हणणं. दिग्दर्शिका एकटी 'नाही' म्हणत होती. अखेर ठरलं, ज्याचा कप्तान त्यालाच विचारायचं. तो म्हणेल ती पूर्व दिशा.

सकाळी त्याला सगळा सेट फिरवून दाखवला होता. साठ फूट लांबीचं यान, पंखांना पितळी पत्रे, पोटाखाली निळे दिवे. सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. त्याला मात्र समोर घरची इस्त्री दिसत होती. यान पहिल्यांदा काढायचं होतं त्या आठवड्यात काही सुचेना, म्हणून त्याने इस्त्री उलटी धरून काढून टाकली होती.

"अहो, ही तर आपली इस्त्री!" बायको मोठ्याने म्हणाली. त्याने खोकल्याचं सोंग केलं.

सेटच्या छताला तीन चंद्र होते. त्याने दोनच काढले होते. तिसरा शाईचा डाग होता. त्या डागाचा उजेड खालच्या समुद्रावर कसा पडेल, यावर एका हुशार मुलीने चार महिने घालवले होते. तिने अदबीने विचारलं, "बरोबर जमलाय ना, सर?" तो म्हणाला, "अगदी मनात होता तसा."

इथवर निभावलं होतं. पण चेहरा?

नाकाने त्याच्या आयुष्यभर नाकी नऊ आणले होते. त्याने काढलेलं कुठलंही नाक बटाट्यासारखं दिसायचं. कलाशाळेतले सर म्हणायचे, "तू माणसांच्या वाटेला जाऊ नकोस. भाज्या काढ." म्हणून पहिल्याच अंकात त्याने कप्तानाच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. काच काळी रंगवली, काम भागलं. बाकीची पात्रं एक तर यंत्रं होती, नाहीतर पाठमोरी. मुलाखतींत मात्र तो सांगायचा, "कप्तान म्हणजे विश्वाचं एकाकीपण. एकाकीपणाला चेहरा नसतो." हे म्हणताना तो न चुकता खिडकीबाहेर बघायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याने एक लंबगोल काढला. कान काढले. डोळे काढले, तेही बरे आले. मधली जागा तेवढी उरली. पेन्सिल तिथे टेकवून तो बसून राहिला. तीस माणसं बघत होती. एक जण तर फोनवर चित्रण करत होता.

"सांगून टाका आता," बायको हळूच म्हणाली. "किती दिवस लपवायचं?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"मला नाक काढता येत नाही," तो म्हणाला. "कधीच आलं नाही. म्हणून हेल्मेट. तत्त्वज्ञान वगैरे काही नाही. आत कोणीच नव्हतं."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

निर्मात्याने टाळी वाजवली. "मग प्रश्नच मिटला! आतली जागा रिकामीच आहे. काढा हेल्मेट, दाखवा तोंड."

दिग्दर्शिका कागदावरच्या त्या अर्धवट चेहऱ्याकडे बघत होती.

"कोणीच नव्हतं कसं?" ती म्हणाली. "आत मी होते. शाळेत मी इतकी अडखळत बोलायचे, की मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. कप्तानाचं तोंड दिसायचं नाही. तो बोलला की मला वाटायचं, मीच बोलतेय."

शिडीवर चढलेला लाइटवाला वरूनच म्हणाला, "ताई, काहीतरी घोटाळा होतोय. आत तर मी होतो."

मेकअपवालीने हातातला ब्रश खाली ठेवला. "मुलींनी आत असायला हरकत नव्हती, हे मला आज कळतंय," ती म्हणाली. "मी तर लपून असायचे." कॅमेरामनने नुसता हात वर केला. पाठोपाठ आणखी चार हात वर झाले. तिसऱ्या चंद्राच्या मुलीचाही.

उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच चित्रकाराजवळ मुलाखतीतलं वाक्य नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हाताने त्याला गप्प बसायला खुणावत होती.

नट इतका वेळ आरशासमोर बसून होता. त्याचा चेहरा घराघरात ठाऊक होता. नाक तर विशेष सरळ. तो उठला, टेबलावरचं हेल्मेट त्याने उचललं, डोक्यात घातलं आणि काच खाली ओढली. निर्माता काही बोलणार, तेवढ्यात आतून घुमलेला आवाज आला.

"इथे फार गर्दी आहे हो. जरा सरका, मलाही बसू द्या."