रामघाटच्या विहिरीतली पूड

“हे तुझंच ना?”

घरातच पाठशाळा चालवणाऱ्या वासुदेवशास्त्र्यांच्या हातात ब्लीचिंग पावडरची अर्धी रिकामी पिशवी होती. चौकात विहिरीभोवती पाठशाळेचे बावीस विद्यार्थी ओल्या पंच्यांत उभे होते. आंघोळ कुणाचीच पुरी झाली नव्हती.

“हो नाना, माझंच,” इरावती म्हणाली.

“विहिरीत टाकलंस?”

“पाच दिवस झाले. रोज संध्याकाळी, मुलं संध्येला बसली की.”

विष्णुगुरुजींनी कानांवर हात ठेवले. पाठशाळेत ते संहिता शिकवत आणि सोवळ्याओवळ्याचं सगळं तेच बघत. चामड्याचा वायसर असतो म्हणून त्यांनी चौकात नळ येऊ दिला नव्हता. पाण्याला उग्र वास येतोय, असा आज पहाटे ओरडा केला तोही त्यांनीच.

“पूरी विहीर भ्रष्ट केलीस, बेटी,” ते म्हणाले. “गावोगावचे आईबाप या पाण्यावर विश्वास ठेवून पोरं पाठवतात. कळलं तर आठ दिवसांत पाठशाळा रिकामी होईल.”

“गुरुजी, गल्लीत कावीळ आहे. पलीकडच्या घरातली मुलगी गेली. माझ्या वर्गातली रुची महिनाभर अंथरुणाला खिळलीय.”

“इथे कुणाला झाली?”

“अजून नाही झाली. व्हायची वाट बघायची का?”

इरावती शास्त्र्यांची एकुलती एक मुलगी. बारा वर्षं कानपूरला नोकरी करून ती गेल्या साली घरी परतली होती आणि शहरातल्या मैदागिन भागाजवळच्या एका इंटर कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत होती. काविळीची बातमी आली त्या संध्याकाळी तिने कोठीतल्या हंड्यातलं, सकाळपासून भरून ठेवलेलं पाणी तपासलं. परीक्षानळीत घेऊन त्यात भाताची पेज घातली, कॉलेजातून आणलेल्या पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असता तर त्याने आयोडाइडमधून आयोडीनला हुसकून काढलं असतं आणि पेज निळी झाली असती. पेज पांढरीच राहिली. नळी घेऊन ती तशीच वडिलांकडे गेली होती.

“या विहिरीत औषध पडणार नाही,” शास्त्री तेव्हा म्हणाले होते. “हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

तिने विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी पूड आणली.

“माफी माग,” आता शास्त्री म्हणाले. “गुरुजींसमोर, मुलांसमोर. आणि पुन्हा असं करणार नाही म्हण.”

“कशाची माफी मागू?”

“इरावती!”

“नाना, चोरून टाकलं याची मागते. टाकलं याची मागणार नाही. तुम्ही विहीर उपसा, गंगाजळ घाला, काय हवं ते करा. मी पुन्हा टाकीन. आणि या वेळी चोरून नाही, सगळ्यांसमोर टाकीन.”

विष्णुगुरुजी शास्त्र्यांकडे बघत राहिले. शास्त्र्यांनी पिशवीचं तोंड दुमडलं, आणखी एकदा दुमडलं.

“मग या घरात तुला राहता येणार नाही,” ते म्हणाले.

“उद्या सकाळी जाते.”

दिवसभर विहिरीचा उपसा चालला. तळाचा गाळ दिसेपर्यंत पाणी काढलं. चार वाजता झरे पुन्हा वाहू लागले, तेव्हा गुरुजींनी मंत्र म्हणत पंचगव्य आणि गंगाजळ सोडलं. इरावती वरच्या खोलीत कपडे भरत होती. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो रागच. स्वयंपाक करणाऱ्या इंदूताई जेवायला बोलवायला आल्या. तिने ताट परत पाठवलं.

“नाना जेवले?” तेवढं मात्र विचारलं.

“नाही. विहिरीपाशी बसलेत.”

सकाळी ती बॅग घेऊन खाली उतरली. मुलं घाटावर गेली होती. गुरुजी देवघरात पूजेला बसले होते आणि त्यांचा आवाज चौकापर्यंत येत होता. शास्त्री विहिरीच्या कठड्याला टेकून उभे होते.

तिने बॅग खाली ठेवली, दोराला कळशी बांधली आणि पाणी वर ओढलं. त्यांनी अडवलं नाही.

“हे पाणी मी आरोग्य खात्यात देणार आहे,” ती म्हणाली. “तक्रारही लिहून देणार. पण त्याआधी तुम्ही बघा. तुमच्या शुद्ध विहिरीत जंतू मारणारं काही नाही, हे तुमच्या डोळ्यांनी बघा. मग उद्या यातलं एखादं पोर गेलं तर मला माहीत नव्हतं म्हणू नका.”

तिने परीक्षानळी भरली, पेज घातली, थेंब टाकले आणि नळी त्यांच्या तोंडासमोर धरली.

पेज निळी झाली.

तिने नळी ओतून टाकली, तीनदा विसळली, कळशीतलं पाणी पुन्हा घेतलं. पुन्हा निळी. शाईसारखी.

“काल तर सगळी उपसली,” ती म्हणाली. “माझी पूड तर तुमच्याकडे आहे. मग हे...”

“हळू बोल,” शास्त्री देवघराकडे बघत म्हणाले. “अकरा वर्षं रोज रात्री मीच बेताची पूड टाकतोय, हंड्यात संध्याकाळपर्यंत तीही उडून जाते; कुणाला वास येऊ दिला नव्हता. तू पाच दिवसांत सगळं बाहेर काढलंस.”